दूषित अन्नाने आजारी पडलेल्या लहान बालकाची शुश्रूषा



पावसाळ्याच्या आरंभी हजेरीपट चाळताना एक गोष्ट आपल्या नजरेस वारंवार येत असेल. तिसरी-चौथीतील एखादी नियमित येणारी मुलगी एकाएकी दोन-तीन दिवस दिसत नाही. विचारणा करावी तर शेजारची मुले सांगतात, "तिच्या भावाले हगवण लागली, गुरुजी." आईबाप निंदणाला गेलेले असतात आणि आठ-नऊ वर्षांची ही बालिका दीड वर्षाच्या भावंडाची परिचारिका होऊन घरी बसलेली असते. त्या दोन-तीन दिवसांत त्या बालकास काय पाजले जाते व काय नाकारले जाते, यावर त्याचे जगणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि पाजणारे हात आपल्या वर्गातले असतात. हा विषय दवाखान्याचा असूनही शाळेचा का होतो, ते यावरून ध्यानात यावे.

एक ते तीन वर्षांचे वय या आजारास विशेष बळी पडते. अंगावरचे दूध कमी झालेले असते, मूल घरच्या ताटातले खाऊ लागते, अंगणभर रांगते-चालते आणि हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. हाच काळ दात येण्याचा असल्याने ढाळांचा दोष सर्रास दातांवर ढकलला जातो. दात येताना मूल चिडचिडे होते, लाळ गाळते, हिरड्या शिवशिवतात म्हणून सापडेल ते चावते. पाण्यासारखे ढाळ मात्र दातांनी होत नाहीत. ते चावलेल्या वस्तूवरील, शिळ्या अन्नातील किंवा दूषित पाण्यातील जंतूंनी होतात. "दात येऊन राह्यले, होते तसं," या एका वाक्यापायी पहिला मोलाचा दिवस निघून जातो.

शिजलेल्या अन्नात जंतू कोठून आले, असा प्रश्न वर्गातील हुशार मूल हमखास विचारील. त्यास भाताचे उदाहरण द्यावे. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू मातीत व धान्यावर असतो. भात शिजताना तो मरतो, पण त्याची बीजुके उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भात उष्ण हवेत तसाच राहिला की ही बीजुके रुजतात, वाढतात आणि उलटी करविणारे विष तयार करतात. पुढे तो भात कितीही कडकडीत तापविला तरी हे विष नष्ट होत नाही. खवा, पेढा, दूध यांत दुसऱ्या एका जंतूचे, स्टॅफिलोकॉकसचे, असेच विष तयार होते. हा जंतू पुष्कळदा हाताळणाऱ्याच्या हातावरील फोडातून वा नाकातून येतो. अशा विषांनी खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. साल्मोनेला व शिगेला यांची रीत निराळी. ते जंतू स्वतः आतड्यात वाढतात, म्हणून ताप, कळा व ढाळ काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी दिसतात, आणि शिगेलाच्या आजारात शौचातून रक्त व आव पडू शकते. यांखेरीज रोटा व नोरो हे विषाणू आहेतच. त्यांतील रोटा विषाणूवरची लस आता बालकास सहा, दहा व चौदा आठवड्यांचे असताना सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते.

आपल्या अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. जंतूंना साधारण 5 ते 60 अंशांमधील उष्णता मानवते व अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. हे उदाहरण फळ्यावर घालण्याजोगे आहे. एकाचे चार तासांत 4,096 होतात आणि सहा तासांत 2,62,144. मुले हे आकडे विसरत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ढाळ-उलट्यांनी बालक दगावते ते बहुतेक वेळा जंतूंमुळे थेट नव्हे, शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. दहा किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सुमारे सहा लिटर पाणी असते. त्यातील अर्धा लिटर गेले की लक्षणे दिसू लागतात, आणि एक लिटर गेले की प्राणावर बेतते. साठ किलो वजनाच्या शिक्षकाचे अर्धा लिटर पाणी उन्हात सायकल चालवितानाही जाते व त्याचे काही बिघडत नाही. म्हणूनच मोठ्या माणसांना या आजाराचा वेग उमगत नाही. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी मान टाकते.

नेमक्या याच वेळी घरातील मंडळी पाणी बंद करतात. "वरून देलं का खालून जाते, मंग कायले द्या?" हा युक्तिवाद आपण प्रत्येकाने ऐकला असेल. तो करणारी आजी मूर्ख नसते. तिला डोळ्यांनी दिसते तेच ती सांगत असते. पाजल्यावर मूल शौचास जाते हे खरे आहे. परंतु शौचातून जाते ते बव्हंशी आतड्याने आजारामुळे बाहेर टाकलेले शरीरातीलच पाणी असते, आणि न पाजल्याने ते जायचे थांबत नाही. फक्त भरून निघायचे थांबते. आजीशी वाद घालण्यापेक्षा तळाशी छिद्र पडलेल्या रांजणाची गोष्ट काढावी. छिद्र बुजेपर्यंत वरून पाणी ओतत राहावे लागते, हे तिला आपल्याहून चांगले ठाऊक असते.

नुसते पाणी मात्र पुरत नाही. आतड्याच्या आतील अस्तरात अशी एक वाट आहे की तिच्यातून साखर (ग्लुकोज) आणि मिठातील सोडियम जोडीनेच आत जातात व त्यांच्यामागोमाग पाणी जाते. एका जुवाला दोन बैल असावेत तसे हे आहे. एकटा मिठाचा किंवा एकटा साखरेचा बैल ती गाडी नीट ओढीत नाही. जंतूंनी आतडे बिघडविले तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस हिचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 मध्येच पटकीच्या रोग्यांना असे मिश्रण तोंडाने देऊन अनुभव प्रसिद्ध केला होता; त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे 1971 साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांतून कालवून ठेवविले आणि ते रोग्यांच्या आप्तांच्याच हाती दिले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा 30 च्या आसपास होते, ते शेकडा 4 च्याही खाली आले. डॉ. महालनबीस 2022 मध्ये निवर्तले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. या हकिकतीतील आपल्या कामाचा भाग हा की, तेथे पाजणारे आई, बाप व बहिणी होत्या, प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. आणि पटकी ही जुन्या काळाची गोष्ट समजू नये. जुलै 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावी उघड्या विहिरीच्या दूषित पाण्याने तिची साथ आली व माणसे दगावली.

येथे स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या राजापेठेतील घरी नातू आला होता. वय दीड वर्ष. दुपारचा भात झाकून ठेवला होता, रात्री त्यात दही कालवून त्याला भरविला. मध्यरात्रीपूर्वीच उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ ढाळ. घरात जलसंजीवनीची पुडी होती. मी दिव्याच्या उजेडात, चष्मा न शोधता, अंदाजाने अर्धी पुडी पाण्याच्या पेल्यात टाकली व ढवळून त्याच्या तोंडाला लावली. तो अधाशासारखा चार घोट प्यायला आणि मग तोंड फिरवून किंचाळू लागला. शेजारी राहणाऱ्या परिचारिकाबाईंना उठविले. त्यांनी पेल्यातले बोट चाटले व विचारले, "गुरुजी, एका लिटरमध्ये मिलिलिटर किती?"

तीस वर्षे मी हे कोष्टक शिकविले होते. पुडी एक लिटर पाण्याची, अर्धी पुडी पाचशे मिलिलिटरची, आणि आमचा पेला दोनशेचा. म्हणजे द्रावण अडीचपट तीव्र झाले होते. इतके खारट द्रावण पोटात गेले की रक्तातील क्षार वाढतो, तहान अधिक लागते, मूल बेचैन होते. प्रमाण फारच वाढले तर आकडी येण्याचाही धोका असतो. बाईंनी पेला मोरीत ओतला, लिटरचे माप मागितले, नवी पुडी संपूर्ण टाकून द्रावण केले आणि चमच्याने पाजू लागल्या. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा आरंभ करायचा, पण अधिक सावकाश. पहाटे नातवाने लघवी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तुम्ही झोपा, गुरुजी." नातू तिसऱ्या दिवशी ओट्यावर धावत होता. मला तो पेला अजून दिसतो.

म्हणून मापाविषयी थोडे विस्ताराने. बाजारात व अंगणवाडीत मिळणाऱ्या पुड्या साधारणपणे एक लिटर पाण्याच्या असतात, तथापि दोनशे मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात. यासाठी पुडीवरील मजकूर प्रथम वाचावा. प्रमाणित मिश्रणात एका लिटरसाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते. हात साबणाने धुवावेत. उकळून निववलेले पाणी मोजून घ्यावे व संपूर्ण पुडी एकदम त्यात टाकावी. दूध, सरबत, आणखी साखर असे काहीही मिसळू नये व तयार द्रावण पुन्हा उकळू नये. झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ ढाळानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्यास 100 ते 200 मिलिलिटर द्यावे. बाटली वापरू नये. वाटी-चमचा पुरतो व तो धुता येतो. पाणी कमी झाल्याची लक्षणे असलेल्या बालकास आरोग्य केंद्रात पहिल्या चार तासांत किलोमागे 75 मिलिलिटर देतात. दहा किलोच्या मुलास साडेसातशे मिलिलिटर झाले. पाच मिलिलिटरच्या चमच्याने दीडशे चमचे, 240 मिनिटांत. म्हणजे सुमारे दीड मिनिटाला एक चमचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नऊ वर्षांच्या बहिणीला करता येते.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, असे घरगुती द्रावण पुडी मिळेपर्यंत द्यावे. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सारखा केलेला. पाजण्यापूर्वी चव घ्यावी. अश्रूंहून खारट लागले तर ते टाकून द्यावे. खारपाणपट्ट्यातील शिक्षकांनी, विशेषतः दर्यापूर व भातकुलीकडील, एक अधिक काळजी घ्यावी. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीतील पाणी मुळातच खारे असल्याने बोअरच्या पाण्यात हे मीठ घातले की प्रमाण चुकते. तेथे द्रावणासाठी योजनेचे गोडे पाणीच घ्यावे, पुडीसाठीही.

यासोबत भाताची पातळ पेज, वरणाचे पाणी, ताजे ताक, शहाळ्याचे पाणी ही चालतात. बाटलीतील रंगीत शीतपेये, डब्यातील फळरस व नुसत्या ग्लुकोजचे पाणी चालत नाही. अति साखर आतड्यात उलट पाणी खेचते व ढाळ वाढवते. काही गोड पेये नावात ओआरएस ही अक्षरे घालून विकली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा नावांना मनाई केली. तरी खेड्यातील दुकानातून आणलेली वस्तू एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण पालक ती आपल्याला दाखवायला आणतात.

मुलाचे खाणे बंद करू नये. अंगावर पीत असेल तर अधिक वेळा पाजावे. चार तासांत थोडे सावरल्यावर मऊ खिचडी, वरणभात, कुस्करलेले केळे, ताजे दही, थोडे तेल घालून, थोडेथोडे पाच-सहा वेळा द्यावे. आजार थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे, कारण एका हगवणीत गेलेले वजन भरून न आल्यास दुसरी हगवण त्या मुलास अधिक गाठते. जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. सहा महिन्यांपुढील बालकास 20 मिलिग्रॅमची एक गोळी रोज, चमचाभर पाण्यात वा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस द्यावयाची असते. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही तिसऱ्याच दिवशी थांबतात, असा अनुभव आहे. त्या पुऱ्या कराव्यात.

औषधांविषयी एवढेच की ढाळ बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलास देऊ नयेत. त्या आतड्याची हालचाल रोखतात आणि घाण आतच साचते. जंतुनाशक औषध बहुतेक वेळा लागत नाही. रक्ती आव किंवा पटकी असता ते लागते आणि ते डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

कोणत्या लक्षणांवर घरी थांबू नये हे शिक्षकाला तोंडपाठ असले पाहिजे. मूल पिऊ शकत नाही किंवा प्यालेले सर्व ओकते, झोपाळू होऊन हाक मारता डोळे उघडत नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त, अंगात फार ताप, आकडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्क्षणी सपाट न होता दोन सेकंदांहून अधिक वेळ उभी राहिली तर क्षणाचाही विलंब न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व वाटेत, मूल गिळू शकत असेल तर, चमच्याने पाजणे चालू ठेवावे. दीड वर्षाच्या आतील बालकाची टाळू खोल गेलेली दिसते. टाळू 'पडली' म्हणून तीत तेल भरण्याची चाल आहे. तेलाने हानी नाही, पण टाळू वर येते ती पोटात गेलेल्या पाण्याने.

प्रतिबंधाचा एक भाग आपल्या ओसरीवरच घडतो. पोषण आहाराची खिचडी पुष्कळ मुली डब्यात झाकून घरच्या लहानग्यासाठी नेतात. दुपारी शिजलेली खिचडी सायंकाळी पाच वाजता त्याच्या तोंडी पडते. यास बंदी करणे मला योग्य वाटत नाही. ज्या घरातून ती मुलगी येते त्या घरी त्या डब्याची वाट पाहिली जात असेल. परंतु शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक, आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, उघड्या हवेच्या उष्णतेत ठेवू नये, हा नियम तिला सांगता येतो. जवळ घर असेल तर मधल्या सुटीतच डबा पोचवून येऊ द्यावे. वर्गास पाच मिनिटे उशीर झाला तर होऊ द्यावा. हात धुण्याचा धडा याच वेळी घ्यावा, शौचानंतर व भरविण्यापूर्वी. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचा खराटा या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे; नखांखालची घाण मात्र खराट्याने निघत नाही.

राहिला पाठ. तो गणिताच्या तासास, धारकतेचे माप शिकविताना घ्यावा, निराळा तास मागू नये. एक लिटरचे माप, चहाचा चमचा, मीठ, साखर व जलसंजीवनीची एक पुडी एवढे साहित्य पुरते. प्रत्येक मुलामुलीने घरून पाणी पिण्याचा पेला, गडवा किंवा तांब्या आणावा आणि त्याने लिटरचे माप किती वेळा भरते ते मोजावे. मग सपाट चमच्याने द्रावण करून प्रत्येकाने चव घ्यावी, आणि मुद्दाम केलेल्या दुप्पट खारट द्रावणाचीही एक थेंब चव घ्यावी, म्हणजे जिभेला फरक कळतो. मी हा पाठ घेतला तेव्हा एकीच्या घरचे सात पेले भरले, दुसरीचे चारच. म्हणून फळ्यावर पेल्यांची एकच संख्या लिहून देऊ नये. ज्याने त्याने आपल्या घरची संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी व पेल्याखाली खिळ्याने खूण करून तो घरी न्यावा.